शिंगाड्याच्या पिठाचा डबा

आमच्या घरी फुगे तयार व्हायचे. अमरावतीत धंद्याचं विचारलं की लोक रुई, सरकी, अडत असं भारदस्त काहीतरी सांगत. माझा नवरा खाली बघून "रबराचं काम" म्हणायचा. मी मात्र सरळ सांगायची, "फुगे." कौंडण्यपूरच्या यात्रेत पोरं ज्यासाठी आयांच्या पदराला लोंबकळत, ते फुगे आमच्या मागच्या पडवीत जन्माला आलेले असत. रबराचा चीक त्रावणकोरकडून डब्यांतून यायचा. त्याचा वास असा उग्र, की शेजारीण वर्षभर माझ्याशी नाकाला पदर लावूनच बोलली. चिकात गंधक घालायचं, लाकडी साचे त्यात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे. मग फुग्याचं तोंड बोटांनी गुंडाळून त्याची कड करायची आणि फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून शंखजिऱ्याची पूड भुरभुरवायची. बुडवणं नवऱ्याकडे, कड गुंडाळणं माझ्याकडे. माझ्यासारखी कड अख्ख्या वऱ्हाडात कोणाला जमत नव्हती, हे मी आजही म्हणते. दुसरं कोणी ते काम करतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास माझी मोठी बहीण, अक्का, चौथ्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. माहेर आमचं अकोल्याचं, पण तिथे आई उरली नव्हती. अक्काला तीन मुली होत्या. चौथीही मुलगीच झाली, आणि ती होताना अक्का जवळजवळ गेलीच होती. मी तिचा हात धरून बसले होते आणि तो हात गार पडत चालला होता. तेव्हा मी देवाला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तिला वाचवलं ते जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. बाई पुण्याकडच्या, उंच, कडक बोलणाऱ्या. अक्का उठून बसायला लागली तेव्हा त्यांनी मला आणि अक्काच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "ही या खेपेला वाचली. पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाही. आत्ताच स्पष्ट सांगते आहे."

भाऊजींचा अंजनगावला पानमळा. मळ्यात दिवसभर विड्याच्या पानांशी हळुवार वागणारा माणूस, माणसांशी बोलताना मात्र अडखळायचा. त्याने हातातली टोपी चुरगाळली. मग म्हणाला, "मले बायको पायजे, बाई. पन आईले कोन सांगन?"

प्रश्न बरोबर होता. त्याच्या आईने नातवासाठी देवीला नवस बोलला होता आणि नवसाचं लुगडंही आणून ठेवलं होतं. त्या घरात नातू होईपर्यंत सुनेची सुटका नव्हती.

भाऊजी गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आत नेलं आणि कपाटातून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. रबराची वाटी, कडेला आत बारीक स्प्रिंग. म्हणाल्या, "ही टोपी बाईने आपली आपण आत बसवायची. गर्भाशयाच्या तोंडावर झाकण बसतं. सकाळी काढायची, धुवायची, ठेवायची. नवऱ्यालाही कळत नाही." टोप्या विलायतेहून यायच्या. आता आगबोटींत तोफांची गर्दी झाली होती, टोप्यांना जागा कुठली? कपाटात ही एकच उरलेली, आणि अक्काला ती मोठी होत होती.

मी टोपी उलटीसुलटी केली. कड पाहिली. कड गुंडाळलेली होती, आणि माझ्याइतकी चांगली नव्हती.

"ही आम्ही करतो," मी म्हणाले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्याचे कान लाल झाले. "लोक काय म्हनतीन?"

"लोकांले सांगाले कोन चाललं? तुमी फक्त साचा बुडवा. पाहू नका."

पहिले काही दिवस तो खरंच मान वळवून साचा बुडवत होता. पुढे मात्र असा गुंतला, की जेवायला हाक मारावी तर हातात टोपी घेऊन उजेडाकडे बघत बसलेला. चीक कुठे जाड बसला, कुठे पातळ, यावरून आम्ही दोघं जेवढे भांडलो, तेवढे संसारावरून कधी भांडलो नाही.

साचा करायला मी अकोल्याच्या खराद्याकडे गेले. लहानपणी माझे भोवरे त्यांच्याच खरादावर व्हायचे. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. मी डॉक्टरीणबाईंनी दिलेली मापं सांगितली आणि "टोपीचा साचा" एवढंच म्हणाले. चाचांना वाटलं, पानदानाचं झाकण असावं. शिसवीचा सुरेख घुमट करून दिला, वर कमळाचं फूल आणि भोवती दोन नक्षीच्या रेघा. म्हणाले, "सादा अच्छा नहीं दिखता, बेटी."

दिसायला सुंदरच होता. पण त्यावरून उतरलेल्या पहिल्या टोपीत पाणी भरून तारेच्या कड्यात टांगली, खाली चुलीची राख पसरली, आणि बघते तर राखेवर कमळ उमटलेलं. प्रत्येक पाकळीच्या रेघेतून पाणी झिरपलं होतं. मी साचा परत घेऊन गेले. चाचांना वाईट वाटलं. "इतका सादा? कोन घेईन, बेटी?" मी म्हटलं, "घेनाऱ्या घेतीन, चाचा. मिरवाले थोडीच घेतात!" त्यांनी कमळ घासून काढलं, पण तोंड फुगवूनच.

स्प्रिंगसाठी बारीक पोलादी तार विणायच्या सुईवर वेटाळली, टोकं जोडून तिचं कडं केलं आणि ते कडेत गुंडाळून वरून पुन्हा चीक दिला. किती टोप्या वाया गेल्या ते विचारू नका. एक कडं तर अशा जोरात उडालं, की नवऱ्याच्या चहात जाऊन पडलं. शेवटी एक दिवस सकाळी टोपी टांगली आणि संध्याकाळी राख कोरडी होती. डॉक्टरीणबाईंनी ती ओढली, ताणली, उकळली, आणि "चालेल" म्हणाल्या. त्या बाईच्या तोंडून "चालेल" निघणं म्हणजे दुसऱ्या कोणी हार घालण्यासारखं. अक्काला ती नीट बसली. स्वतः घालायला-काढायला ती शिकली, आधी लाजून आणि मग हसून. बाळाला घेऊन ती अंजनगावला गेली तेव्हा मला वाटलं, झालं. गंगेत घोडं न्हालं.

काही महिन्यांनी मी मूर्तिजापूरला गाडी बदलून छोट्या रेल्वेने अंजनगावला गेले. नेमकी एकादशी होती. अक्काची सासू चुलीपुढे बसून शिंगाड्याच्या पिठाचा शिरा हलवत होती. म्हातारीला शिंगाड्याचा शिरा म्हणजे जीव की प्राण. एकादशीचा उपास ती विठोबासाठी करायची की शिऱ्यासाठी, हे विठोबालाच ठाऊक. मलाही तिने वाटीभर वाढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार झाल्या पोरी. आता पोरगाच होते. देवीनं कौल देल्ला हाये."

जेवणं झाल्यावर अक्काने मला मळ्याकडे नेलं. पानांच्या वेलांत थंडगार सावली होती. तिने मळ्याच्या कनातीच्या, म्हणजे कुडाच्या, कडेची माती उकरली, एक छोटं मडकं काढलं आणि मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे धरलं. "पाय, किती जपून ठेवली. रोज तेलात बुडवतो."

मडक्यात तिळाचं तेल होतं आणि तेलात टोपी.

टोपी बाहेर काढली तर शिजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. फुगलेली, लिबलिबीत, बोट लावावं तिथे खड्डा. तेल लागलं की रबर कुजतं, हे आमच्या पडवीत मांजरालाही माहीत होतं. पण अक्काच्या घरी विहिरीवर मोट होती. मोटेच्या चामड्याला तेल पाजलं नाही तर ते तडकतं, हे तिला माहीत होतं. जपायचं म्हणजे तेल द्यायचं. मोटेला तेल, गाडीच्या आसाला तेल, बाळाच्या टाळूला तेल. मग जिच्यावर आपला जीव अवलंबून, तिला तर आधी.

मी तिथेच विहिरीचं पाणी टोपीत भरलं आणि अक्काला मूठभर राख आणायला लावून ती खाली पसरली. राख भिजायला वेळ लागलाच नाही.

"काहून केलं वो असं?" मी ओरडले. "कोनी सांगतलं होतं तेल लावाले?"

"कोनी नको बी म्हनलं नाही," अक्का म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरत उतरत पांढरा पडला. तिची पाळी जवळ आलेली होती, आली नव्हती. आम्ही दोघी वेलांच्या आडोशाला बसून रडलो. मला राग आला होता, पण तो तिच्यावर नव्हता. मळाभर हिरवंगार पसरलेलं असताना एका बाईला जगायचं की नाही हे रबराच्या तुकड्यावर ठरावं, याचाच राग आला होता. नवी टोपी होईपर्यंत लहानीचं दुखणं सांगून मुलींजवळच झोप, असं बजावून मी परतले.

नंतरचे दिवस कसे काढले, मलाच ठाऊक. मग एका दुपारी भाऊजी पानांच्या करंड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात आले आणि आमच्या ओट्यावर टेकले. चेहरा वैतागलेला. "काय सांगू बाई, घरी हाल चालू हायेत. तुमची बहीन कालपासून बाहेर बसली. आईच्या हातची भाकर जळून राहिली."

मी ते त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग एवढ्या मोठ्याने हसले, की नवरा पडवीतून धावत आला. भाऊजींच्या हातावर मी गूळ ठेवला, वर लाडू ठेवला, मग आणखी एक लाडू. जळकी भाकर खाणाऱ्याला लोक लाडू कशासाठी देतात, हे बिचाऱ्याला उलगडलं नाही. मी आत गेले आणि देवापुढे डोकं टेकलं. पूर्वीच्या शिव्यांचं काय करायचं ते त्याचं त्याने बघावं.

नवी टोपी करायला वेळ लागणार नव्हता. प्रश्न तेलाचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगा तिला, काहीही लावू नकोस. सोपं आहे." मी म्हटलं, "बाई, सोपं नाही. आमच्याकडच्या बाईला वस्तू नुसती ठेव म्हटलं तर ठेववत नाही. तिला काहीतरी करायला पाहिजे. तेल नको, तर दुसरं काय देऊ?"

आम्ही फुग्यांना शंखजिरं लावत होतो. ते बाईंनी नाकारलं. "आत जाणारी वस्तू आहे. पोटात गेलं तरी चालेल असं काही सांगा." मी घरी येऊन डबे उघडत बसले. ज्वारीचं पीठ खरखरीत. तांदळाचं पीठ मऊ, पण तो डबा घरात कोणीही कधीही उघडणार. मग हाताला शिंगाड्याचं पीठ लागलं. मऊ, कोरडं, बोटावर घेतलं तर रेशमासारखं. आणि उपासाचं! एकादशीखेरीज त्याला कोणी हात लावत नाही, पोरं तर शिवायलाही धजत नाहीत. टोपी धुवायची, पुसायची, पिठात लोळवायची, डब्यात ठेवायची. जपणंही झालं, लपवणंही झालं. डॉक्टरीणबाईंनी पीठ बोटांत चोळून पाहिलं. "वापरायच्या आधी मात्र पुन्हा धुवायची," म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदाच हसल्या.

तेव्हापासून आमच्या टोप्या शिंगाड्याच्या पिठाच्या छोट्या डब्यांतून जाऊ लागल्या. दवाखान्यातून अचलपूरला गेल्या, अकोल्याला गेल्या. एकदा चाचांनीच साच्यावरून हात फिरवत, खाली मान घालून विचारलं, "बेटी, वो सादी वाली... मेरी बेटी के लिए मिलेगी?" त्यांना केव्हा कळलं, मी विचारलं नाही. मी डबा नेऊन दिला.

अक्काचा डबा तिने उपासाच्या फळीवर, सासूच्या डब्यामागे ठेवला. सगळं सुरळीत चाललं. लढाई संपली, तिच्या मुली मोठ्या व्हायला लागल्या आणि पाचवं मूल झालं नाही. म्हातारी देवीला दोष देई, मुलाला दोष देई, अधूनमधून सुनेलाही.

मग एका एकादशीला मी पुन्हा अंजनगावला गेले. म्हातारी चुलीपुढे होतीच, पण कढईत भगर शिजत होती. केळी सोलून ठेवली होती. मला चुकल्यासारखं झालं.

"मावशी, आज शिरा नाही?"

"मले आता शिंगाडा चालत नाही."

"काहून? पोटाले बाधते का?"

तिने भगर हलवली. अक्का पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा म्हातारीने फळीकडे बघितलं.

"एक डाव माहं पीठ सरलं होतं," ती म्हणाली. "मांगचा डबा काढला, हात घातला. मले काय समजत नाही का? माह्या अकरा बाळंतपनांत मी दोनदा मरून वापस आली. तिची चौथ्याची गत मले मालूम हाये."

मी पदर सावरून तिच्याजवळ सरकले.

"झाकन लावलं अन होता तिथं ठेवला. तिले सांगू नको. मले नातू पायजे होता, अजूनबी पायजे. पन त्या डब्यात माह्या सुनेचा जीव हाये, बाई. त्यात हात घालून मी शिरा खाऊ?"

तेवढ्यात अक्का घागर घेऊन आत आली, धडधाकट, मुलींवर ओरडत. म्हातारीने तिच्या पानात दोन केळी वाढली आणि "गरम हाये तवर खाऊन घे" म्हणून भगर पुढे सरकवली.