माझ्याच प्लॉटवरची घरभरणी

मी एसटीत कंडक्टर होतो. राखीव सीटवर फतकल मारून बसलेल्या भल्याभल्यांना मी दोन शब्दांत उठवलंय. त्यामुळे कारंजा गावाच्या टोकाला घेतलेल्या माझ्या प्लॉटवर कुणी टिनाचं शेड ठोकलंय, हे कळल्यावर म्हटलं, जाऊ, दोन शब्द बोलू, उठवून येऊ. केवढा तो आत्मविश्वास! पुढची सहा वर्षं मी कोर्टाच्या बाकावर काढली.

खरेदीखत माझ्या नावावर होतं. कुंपण तेवढं नव्हतं, कारण माणसाने माणसावर विश्वास ठेवावा असं मी तेव्हा म्हणत असे.

शेडवाला मेडशीकडचा मजूर, सोबत बायको आणि शाळेतल्या दोन पोरी. मी जाऊन गरजलो, "हा प्लॉट माहा हाय!"

"हाव ना काका, आमाले मालूम हाय," तो म्हणाला. "बरं झालं तुमीच आले. परवा घरभरणी हाय, काकूले घेऊन या."

घ्या! चोर तो चोर, वर जेवायचं आमंत्रण. मी तणतणत घरी आलो. पण आमच्या वऱ्हाडात एक खोड आहे: भांडण कितीही असो, जेवणाचं बोलावणं मोडायचं नाही. बायको म्हणाली, "भांडण आपल्या जागी. अन्नाले काहून पाठ दाखवता?" गेलो. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आहेराला पाण्याचा स्टीलचा गुंड, म्हणजे हंडा, नेला. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. त्यानं मला पाटावर बसवून कुंकू लावलं, टोपी-दुपट्टा दिला, फोटो काढला. फोटोत मी हसलोसुद्धा, बावळटासारखा.

तो फोटो मला पुन्हा भेटला तो कोर्टात. त्याचा वकील म्हणाला, मालक स्वतः आहेर घेऊन आले, टोपी घालून जेवले, मग कब्जा बेकायदा कसा? माझ्या वकिलानं कपाळाला हात लावला. "जेवले कायले?" आता काय सांगणार, वांगी चांगली होती म्हणून?

आणि मी राहत कुठे होतो? भाड्याच्या दोन खोल्यांत. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, तो दर आठवड्याला विचारायचा, "कंडक्टरसाहेब, खाली कधी करता?" सकाळी कोर्टात मी मालकाचे हक्क सांगायचो, संध्याकाळी घरमालकाला भाडेकरूचे. एकच तोंड, पण दोन्ही पाळ्या नेटानं करायचं.

एकदा कोर्टाच्या कँटीनमध्ये त्या शेडवाल्याला मी डाफरलो, "सरकारचं घरकुल काहून घेत नाही?" तो म्हणाला, "काका, घरकुलाले सोताची जागा लागते. जागा असती तं तुमच्या उरावर कायले बसलो असतो?" बात खरी होती. आणि खऱ्या बातेचा मला फार राग येतो.

निकाल माझ्या बाजूनं लागला. पोरींची परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली. ती संपल्यावर बेलिफ आला, पण त्याला काही करावंच लागलं नाही. टिनं शेडवाल्यानं स्वतःच उतरवली. त्याच्या बायकोनं तो गुंड घासूनपुसून आणला. "काकू, हा तुमचा आहेर. घरच नाही राह्यलं, तं ठेवू कुठी?"

माझी बायको रडायला लागली, हात पुढे करेना. मी घेतला. हक्काचा होता ना!

पुढच्या वर्षी घर झालं. घरभरणीची यादी करताना बायको म्हणाली, "त्यायच्या घरी जेवलो आपण. त्यायले बोलवाच लागते." फोन बंद होता. मेडशीच्या बसवरच्या जुन्या सहकाऱ्याला विचारायला लावलं, तर गावात घर नाही, ऊस तोडायला गेले असतील म्हणे, कुठे ते ठाऊक नाही. मला वाईट वाटलं, हे कबूल करायची लाज वाटली.

मग आठवलं, कोर्टाच्या कागदात पत्ता असेल. गठ्ठा सोडला. होता. प्रतिवादीचं नाव, आणि पुढे राहणार म्हणून माझ्याच प्लॉटचा नंबर.

बायकोनं तो दोनदा वाचला आणि पत्रिका माझ्या हातात दिली. "मंग टाका, आपल्याच दारात."