पारापुढून सावकाश

सायकल सावकाश चालवणं ही काय हट्ट करण्याची गोष्ट आहे, असं मला पुष्कळांनी विचारलं. आहे. माझ्यासाठी होती. ज्यांना आयुष्यात कधी कुणी ‘पळ इथून’ म्हणालं नाही त्यांना ते कळायचं नाही, आणि समजावत बसायला मला वेळही नाही. तरी सांगते.

पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं होतं. लग्न होऊन मी दिघीला आले. नवरा लष्कराच्या हद्दीत साध्या कारकुनीवर होता, आणि गावातल्या एका जुन्या शेतकऱ्याच्या घराला लागून आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत आम्ही दोघं आणि सासूबाई. आम्ही साताऱ्याकडचे, म्हणजे गावाच्या लेखी उपरेच.

पिंपरीला तेव्हा माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. त्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनच्या कुप्या भरायला मुली हव्या होत्या. मी सातवीची फायनल पास होते, डोळे चांगले, बोटं बारीक. मला घेतलं, पण कच्ची म्हणून. सहा महिने काम बघणार आणि मग पक्की करायची की घरी पाठवायची ते ठरवणार. मला पक्की व्हायचं होतं. लग्नाआधी मला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं, लग्नानंतरही नाही. ही एक गोष्ट मी स्वतः मागितली होती आणि ती मला मिळवायचीच होती.

दिघीहून भोसरी आणि पुढं माळावरून पिंपरी, हा रस्ता रोज पायी करणं शक्य नव्हतं. माझ्याकडे सायकल होती. कराडला मामांचं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं. तिथं मी परकर खोचून, नळीखालून पाय घालून शिकले होते. लग्नात मामांनी दुकानात मोडून पडलेली एक लेडीज सायकल नीट करून, मागच्या चाकाला जाळी लावून दिली. सासरचे सगळे तिच्याकडे असे बघत होते, जणू मामांनी हत्ती दिलाय.

आता अडचण ऐका. आमच्या खोलीतून गावाबाहेर पडायची वाट एकच, पारापुढून. वडाखाली दगडी पार, आणि सकाळचं ऊन खात बसलेली गावातली म्हातारी मंडळी. त्यांच्यासमोरून बाईमाणसानं जायचं ते डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, कडेकडेनं. सायकलवर बसलेली बाई त्या पारानं पाहिलीच नव्हती. आमचे घरमालक, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्या पारावरचे मुख्य.

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “उतरून सायकल हातात धरून जावं तर ते लोक बघतच बसतील. त्यापेक्षा तू असं कर बाई, वाऱ्यासारखी निघून जा. कुणाच्या डोळ्यावर यायच्या आत पल्याड.”

मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. मी दारातून निघाल्या निघाल्या जीव खाऊन पायडल मारायची. पार, कुडाचं कुंपण, विहीर, सगळं मागं. पण पळण्याची एक खोड असते. एकदा पळायला लागलं की कुठं थांबायचं ते कळत नाही. पार संपला तरी पुढं भोसरीच्या वेशीत बसलेले होतेच, गाडीवान होते, शेतात काम करणारे होते. प्रत्येक जण मान वळवून बघायचा, आणि मी आणखी जोरात. दिघीत सुटलेली मी थेट कारखान्याच्या फाटकाशी थांबायची. छाती भात्यासारखी, पोलकं पाठीला चिकटलेलं, मांड्यांत गोळे.

आणि मला जायचं कुठं होतं? जिथं घामाचा थेंब चालत नाही तिथं. आम्हाला आधी अंघोळ करायला लावत, मग उकळून आलेले झगे, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. डोळे तेवढे उघडे. खिडक्या बंद. काचेच्या कुपीत औषधाची पूड पडली की लगेच रबरी बूच बसवायचं, कडेला बोट न लावता. मी बसायची तेव्हा अंघोळ होऊनही घाम झिरपतच असायचा, आणि बोटं लटलट हलायची. बूच कुपीच्या तोंडाशी टकटक वाजायचं. शेजारच्या मुली तिरक्या डोळ्यानं बघायच्या.

एकदा माझ्या कपाळावरचा घाम ट्रेमध्ये पडला. अख्खा ट्रे फेकून द्यावा लागला. आमच्या मुख्य बाई, पुण्याच्या, चष्मेवाल्या, त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“तुला दम लागतो? खोकला येतो का? घरात कुणाला छातीचं दुखणं आहे?”

त्या काळात या प्रश्नाचा अर्थ कुणालाही कळत होता. क्षय. मी म्हटलं, “नाही हो बाई. मी सायकल जोरात मारत येते.”

“मग सावकाश ये की!”

“सावकाश येता येत नाही.”

“का?”

काय सांगणार? पारावर म्हातारे बसलेले असतात म्हणून? बाईंनी मला डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी नळी लावून छाती तपासली, ठणठणीत आहे म्हणाले. पण बाईंनी स्पष्ट सांगितलं, “छाती चांगली असेल, पण हे असे हात मला आत नकोत. हात थांबले नाहीत तर मी तुझी शिफारस करणार नाही.”

त्या दिवशी परत येताना मी सायकलवर अक्षरशः रडले. आणि रडता रडता असा संताप आला की काय सांगू! मला कामावरून काढणार ते का, तर मी काम वाईट करते म्हणून नाही. बिनकामाच्या माणसांच्या डोळ्यांत यायला नको म्हणून मी पळते, त्यासाठी! मरू देत ते म्हातारे!

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, लवकर निघाले आणि सावकाश निघाले. डोक्यावर पदर होता, तेवढा मान मी दिला. पण मान खाली घातली नाही आणि पायांना घाई केली नाही. पारापुढून जाताना एकेक चेहरा मला दिसला. इतके दिवस तिथं किती माणसं बसतात हेही मला माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या हातातली चिलीम तशीच राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, “आरं, ही तर डुलत चाललीया!”

व्हय, डुलत! भोसरीपर्यंत बाजरीची शेतं होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. लष्कराच्या बाजूनं गोळीबाराच्या सरावाचे आवाज येत होते आणि त्या आवाजात चंडोल आपले खुशाल गात होते. कारखान्याला जाणारे सायकलवाले पुरुष माना घालून, बूड उचलून माझ्या पुढं निघून जात होते. एकानं विचारलं, “काय वहिनी, पंक्चर झालंय का?” मी म्हटलं, “माझं नाही भाऊ, तुम्हीच हवा गेल्यासारखे फुसफुसताय.” त्याचे सोबती हसत सुटले. फाटकाशी मी उतरले तर कपाळ कोरडं. आत बसले, हात पुढं केला, बोटं जागच्या जागी. मला इतकं बरं वाटलं की फडक्याआड मी एकटीच हसत होते.

त्याच संध्याकाळी आबा आमच्या दारात. नवऱ्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. “मास्तर,” कारकुनालाही ते मास्तरच म्हणत, “सूनबाईला सांगा. येक तर उतरून चालत जायचं, न्हाई तर सुसाट जायचं. आमी आजवर काय बोललो न्हाई. पर हे आमच्याम्होरं मिरवत जाणं बरं न्हाई. गावाला बाया हायेत, पोरी हायेत.”

ते गेल्यावर नवरा म्हणाला, “अगं, पारापुरतं चार पायडल जोरात मारलेस तर काय बिघडतं?”

“बिघडतं.”

“मग उतरून जा.”

“उतरायचं म्हणजे मी काहीतरी वंगाळ करतेय हे रोज सकाळी कबूल करायचं. मी नाही करणार.”

“आणि खोली गेली म्हणजे? त्यापेक्षा सोडून दे ती नोकरी!”

“खोल्या मिळतात,” मी म्हटलं. “ही नोकरी परत मिळणार नाही.” आणि मग मी सगळं सांगितलं. थेंब, ट्रे, डॉक्टर, बाईंचं बोलणं. आजवर घरात काहीच सांगितलं नव्हतं. हात पुढं करून दाखवलं कसे थरथरायचे ते. मग सासूबाईंकडे वळून म्हटलं, “आत्याबाई, तुम्ही म्हणालात पळ, मी पळाले. पळून पळून मी आजारी ठरायला आले. आता मी पळणार नाही. कुणाला काय करायचं ते करू दे!”

सासूबाई चुलीपुढं बसून होत्या. त्यांनी निखारे विझवले आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मला वाटलं, झालं, आता या महिनाभर अबोला धरणार.

सकाळी मला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. एरवी भाकऱ्या मी करायची. सासूबाईंनी डबा भरून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, “लवकर नीघ. उशीर झाला की घाई व्हती.”

पारापाशी आबा काठी घेऊन वाटेच्या मधोमध उभे होते. मी सावकाशच होते, ब्रेक दाबायचंही कारण नव्हतं. पाराच्या दगडावर एक पाय टेकवला आणि सीटवरच बसून राहिले.

“उतर,” आबा म्हणाले.

“नाही आबा.”

“मंग पळीव तरी. डोळ्याआड हो.”

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण तोंडातून निघालंच, “पळायला मी काय कुणाची कोंबडी चोरलीय? कामाला चाललेय. कामाला जाणारं माणूस जसं जातं तशी जाणार.”

पारावर कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. आबांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दयाच आली. काठी बाजूला झाली, मी पाय उचलला आणि आले तशीच पुढं गेले. मागं वळून बघितलं नाही. पायांना मात्र पळायचं होतं. त्यांना आवरून धरायला जेवढी ताकद लागली तेवढी मला सुसाट जाताना कधीच लागली नव्हती.

ते हसू आम्हाला भोवलं. मी बोलले हे आबांनी एक वेळ सोसलं असतं, पण आपली माणसं हसली हे सोसलं नाही. महिना संपला की खोली रिकामी करा, असा निरोप आला. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी रोज जात राहिले, सावकाश. पारावर कुणी काही बोलेना. बघायचे तेवढे. बघू देत.

पक्कं करायच्या दिवशी मुख्य बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मी कुप्यांमागून कुप्या बंद करत गेले. काच एकदाही वाजली नाही. मग त्या वाकून म्हणाल्या, “काय केलंस गं?”

“सावकाश येते बाई.”

“मी तेच तर सांगत होते,” त्या म्हणाल्या, जणू त्यात काय मोठंसं. आणि मला पक्की केली.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “भोसरीत एक खोली बघून ठेवलीय. तुला जवळ पडेल.” भला माणूस होता, फक्त भित्रा. आणि भित्रं असणं सोपं होतं हो त्याला. पळायला त्याला कुणी सांगत नव्हतं.

सामान हलवायला बैलगाडी सांगितली होती. ट्रंका, वळकट्या, भांड्यांचं पोतं आणि वर आडवी माझी सायकल. सासूबाईंना गाडीत पुढं बसायला जागा केली होती, मी आणि नवरा गाडीबरोबर पायी. खोली सोडायला लावलेली माणसं आम्ही, सगळ्या गावाला ठाऊक. लवकरात लवकर तिथून निघावं असंच नवऱ्याला झालं होतं. गाडीवानाला तो सारखा म्हणत होता, “चला, आटपा.” गाडी वळली आणि पार समोर आला. सगळी मंडळी बसलेली होती. आबाही होते. गाडीवानानं बैलांच्या शेपट्या पिरगाळायला हात घातला.

“थांब रं,” सासूबाई म्हणाल्या. गाडीचा दांडा धरून त्या खाली उतरल्या. पदर नीट केला, माझा दंड धरला आणि पारासमोरून माझ्या बरोबरीनं चालायला लागल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, पण त्या दिवशी त्या गुडघ्यांमुळे हळू चालत नव्हत्या. आबांच्या समोर आल्या तेव्हा तर थांबल्याच, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग गाडीवानाला हाक मारून म्हणाल्या, “सावकाश घे बाबा. आमाला कुणाची घाई न्हाई.”