कवळी

आदल्या संध्याकाळी मी रोजच्यासारखी बायकोची वरची कवळी थंड पाण्यात घासून दिली. तिचे हात कापायचे. ती म्हणाली, "तुमच्यावर एवढे दात खाल्ले मी, तरी तुटली नाही. तुमच्या कॉलेजातल्या मशिनीले काय समजते?" मी म्हटलं, "चूप राय वं." पहाटे ती झोपेतच गेली.

दातांच्या कॉलेजात मी वीस वर्षं कवळीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, किती जोराला तुटतात ते बघायला, मशिनीत दाबून तोडल्या. तोडण्याआधी त्या तोंडाइतक्या कोमट पाण्यात भिजत ठेवायच्या. उकळत्या पाण्यात प्लास्टिक वाकतं, हे दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना मीच सांगायचो.

तिला बोळक्या तोंडानं न्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बायांनी तिच्या आंघोळीचं पाणी गंजात उकळलं होतं. कवळी धुवावी म्हणून मी ती त्याच गंजात बुडवली. ती वाकली. किती दाबली तरी टाळूला बसेना. साळा म्हणाला, "राहू द्या भाऊजी, लोकं थांबून राहिले." तिला तसंच नेलं.

तिचे स्वतःचे खालचे दोन दात शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर राख सावडताना मी ते बोटांनी शोधले. एकच सापडला. तो मडक्यात टाकला.