नदीकडे तोंड केलेली घरं

आमच्या खोऱ्यात गोऱ्या साहेबांनी बांधलेले जुने बंगले नदीच्या अंगानं ओळीनं उभे आहेत. ते बघायला लांबून माणसं येतात, आणि आमचे दाजी त्यांना आपल्या गाडीतून हिंडवतात. कुठल्या बंगल्यात कोण साहेब राहिला, कुणाची मडम कुणाशी बोलत नव्हती, सगळं तोंडपाठ. त्यात खरं किती नि पदरचं किती, ते दाजींनाच ठाऊक.

दाजींची आत्या नावाड्याची लेक. लहानपणी बापाच्या नावेतून तिनं एक घर पाहिलेलं. गोल वळणाचा जिना, दोन्हीकडं दगडी सिंह, बैलगाडी आत जाईल एवढं दार. ती सांगत राहायची नि ते घर कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या शहरातल्या पोरानं धसका घेतला. आईचं डोकं सरकलं, आता एकटी ठेवायची नाही, म्हणून त्यानं तिच्यासाठी खोलीही रिकामी केली.

दाजीही म्हणाले, "आत्या, या रस्त्यावरचा दगडन्‌दगड मला ओळखतो. असलं घर नाही."

"मग फिरव मला. नाही दिसलं तर गुमान पोराकडं जाते. दिसलं तर पुन्हा कुणी विषय काढायचा नाही."

मी मागं बसलो. दाजींनी सवयीनं सूर लावला, "तर मंडळी, उजव्या हाताला..."

"मी गिऱ्हाईक आहे का रे?"

एकेक बंगला आला, गेला. आत्या मान लांब करून बघायची. सिंह सोडा, मांजरही दिसेना. सकाळी पैज जिंकायच्या तोऱ्यात निघालेले दाजी आता गाडी उगाच हळू हाकत होते.

शेवटचा बंगला थोरल्या साहेबाचा. याच्या दारात माणसं हमखास फोटो काढतात. आत्या उतरली, भिंतीकडं बघत राहिली.

"काय रे, हा साहेब पाहुण्यांच्या अंगावर मोरीचं पाणी सोडायचा काय?"

दाराशेजारून न्हाणीचा नळ खाली आलेला. वर धुराडं, भिंत काजळलेली.

"जुनी बांधणी आहे, आत्या."

"जन्म चुलीपाशी गेला माझा. मागचं दार कळत नाही मला? हा रस्ता कधीचा?"

"साहेब लोक गेल्यावरचा."

"मग त्यांच्याकडं माणसं यायची कशानं?"

दाजींची नजर घरापलीकडं नदीकडं गेली. "नावेनं," ते म्हणाले.

राखणदाराला कसंबसं पटवून आम्ही काटेरी झुडपांतून घराला वळसा घातला. नदीच्या बाजूला गोल जिना, त्यावर केवढं तरी दार. एका सिंहाचं मुंडकं गेलेलं, दुसरा शाबूत.

"रंग उडाला मेल्याचा," आत्या म्हणाली नि दमून पायरीवर टेकली.

दाजी डोक्याला हात लावून उभे. "एवढी वर्षं मी लोकांना घरांची ढुंगणं दाखवत आलो!"

"आणि हौसेनं फोटोही काढवलेस!"

दाजींनी तिथूनच तिच्या पोराला फोन लावला. "आत्या येत नाही रे... नाही, माझंही डोकं ठीक आहे. त्या घराच्या पायरीवर उभा आहे मी. विश्वास नसेल तर ये नि बघ."

तोवर आत्या उठून पाण्याच्या कडेनं पुढं निघालीसुद्धा. "बोलत काय बसलास? त्या शेजारच्या बंगल्याचं तोंड कसलं आहे ते तरी बघू!"