पिचकारीतली तलवार

बालाजी घाटाच्या पायऱ्यांजवळ टॉर्च दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मला कळलंच नाही. तोंडात पान असलं की तो बोलत नसे, आणि पान तर सदाच असायचं. पान थुंकावं एवढी मोलाची गोष्ट त्याच्या मते बनारसमध्ये क्वचितच घडे.

इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला उजेडाची तलवार हवी होती. मुठीसाठी मी होळीची पितळी पिचकारी नेली आणि पात्यासाठी लाल प्लास्टिकची नळी. त्याने सेल, बटण, बल्ब फडक्यावर ओळीने मांडले. माझी मूठ पिचकारीवर आवळायला लावून अंगठ्याखाली बटणाची जागा खडूने आखली. सेल बसले, पण त्यांच्या कडेने परतीची वायर जाईना. नाटक तर संध्याकाळी!

"भइया, हो जाएगा न?" मी तिसऱ्यांदा टुमणं लावलं. त्याने नुसता तळहात दाखवला. मग वायर काढून फेकूनच दिली आणि पितळेवर नखाने टकटक केलं. वीज आता मुठीच्या अंगातूनच परतणार होती.

बल्बावर नळी बसवून, गोणपाट ओढून त्याने दुकानात अंधार केला आणि बटण दाबलं. नळी टोकापर्यंत लालभडक पेटली. त्याने नुकतंच तोंडात टाकलेलं पान गल्लीत थुंकलं, तलवार उंचावली आणि सगळा घाट दणाणेल असा गरजला, "हर हर महादेव!"