घागरीवरचं डांगर

अक्काचा जीव आमच्या गावानं घेतला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, सकाळी, धरणगावची एसटी वळणावर आली असताना. पंचनाम्यात 'अपघात' लिहिलंय. लिहू देत.

गिरणेच्या कोरड्या पात्रात ती डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायची. वर तापलेली वाळू, खाली झिरपतं पाणी. त्यावर वेली जगत. "नदी निजेल शे, भाऊ, मरेल नही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

काठावर गावातले बागायतदार आबा, त्यांची केळी. मोटार पात्रातल्या विहिरीवर. लाईटचा भरवसा नाही, म्हणून काठावरच्या स्टार्टरचं बटण दाबून तारेनं बांधलेलं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, आबा घरी रंगीत टीव्हीसमोर. केळी भिजून पाणी रस्त्यावर यायचं आणि इकडे वाळूतली ओल खोल जायची. मग अक्का पदर खोचून काठ चढायची, तार सोडायची.

"उनी देखा कलेक्टरीन!" रस्त्यावरून कोणी तरी ओरडायचं.

"आबा, वावर धापनं, पोट भरनं त्यानं. आते रस्ताले पाजतस का?"

आबा हसायचे, आणि तारेला आणखी दोन वेढे द्यायचे.

मी तेव्हा पाणी वाचवा म्हणून पत्रकं वाटायचो. तिनं अख्खा गठ्ठा मागून घेतला. मी खूश. आठवड्यानं म्हणाली, "तुना कागद डांगरखाले टाकी दिनात, भाऊ. एक बी सडनं नही." माझ्या पत्रकांचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

आखाजीला पितरांच्या घागरीवर ठेवायला गावाला तिचीच डांगरं लागत. तिचं वर्ष त्या एका दिवसावर. त्या सकाळी वेलींनी माना टाकल्या होत्या. लाईट नव्हती. रात्रभर सांडलेल्या पाण्याचा चिखल स्टार्टरखाली साचलेला. त्यात अनवाणी उभी राहून ती तार सोडत होती, आणि लाईट आली.

मोटारही सुरू झाली. हात लावायला कोणी धजेना. पाणी तिच्या अंगाखालून वाहत रस्त्यावर आलं, तेव्हा एसटी थांबली.

"तिले कोनी सांगेल व्हतं हात लावाले?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावानं घागरी भरल्या. डांगरं तिच्या वाडीतून, न विचारता उचललेली. सगळ्यात मोठं आबांच्या घागरीवर.

आता पात्रात वाडी नाही, ओलही नाही. आबांची तार मात्र आहे. तुमचीही आहे, मी पाहिली आहे.

उद्या आखाजी. पितरांना पाणी देण्याआधी काठावर जा, मेन स्विच पाडा, ती तार कापा. घागर मग भरा.