कोणत्या माणसामुळं, सर?

फोन आला तेव्हा मी नांदेडला मुलीकडे होतो. डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब, आणि होईल तितकं डोळे मिटून पडून राहा अशी डॉक्टरांची ताकीद. मुलीने फोन माझ्या कानाला लावून दिला. पलीकडे व्यंकटदादांचा मुलगा प्रकाश होता. "सर, दादा गेले… सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, अन् बसल्या जागी…" तासाभरात आम्ही चाकूरला निघालो. गाडीत मी डोळे मिटून, हात खिडकीवर टेकवून बसलो होतो. या रस्त्याने मी चाळीस वर्षं जा-ये केली आहे. पूर्वी एसटीत असाच डोळे मिटून बसलो, तरी हातावरून ऊन-सावली, ऊन-सावली पळत जायची. दोन्ही बाजूंना चिंचा होत्या, वड होते, लिंब होते. त्या दिवशी हातावर नुसतं ऊन होतं, सलग, अहमदपूर सोडून चाकूर येईपर्यंत… आणि त्यातली कितीतरी झाडं ज्या माणसाने पाडली, त्याच्याच मातीला मी चाललो होतो.

व्यंकटदादा आरा मशीनचे मालक होते. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मी चाकूरच्या शाळेत भूगोल शिकवायला रुजू झालो, तेव्हा त्यांची माझी ओळख झाली. मला खोली मिळत नव्हती. घरमालक आधी आडनाव विचारत, मग गाव, मग वडील काय करतात ते. आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिली असं सांगत. माझ्या वडिलांनी छप्पनमध्ये धम्मदीक्षा घेतली होती. लोकांच्या या चौकशीची मला सवय होती. पण सवय असली म्हणून भर बाजारात पत्र्याची पेटी घेऊन उभं राहणं सोपं होत नाही. मशीनच्या दारात पापण्यांपर्यंत भुशाने माखलेला एक माणूस उभा होता. तो म्हणाला, "मास्तर हाव का? मागं खोली हाय. आवाज लई होतो पण. चालंल का?" मी त्या खोलीत सहा वर्षं राहिलो. आडनाव त्यांनी मला विचारलं ते दीड वर्षाने, आणि तेही आपल्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव घालायला. घरची पाटीलकी, चांगली जमीन. पण दादांचा जीव शेतीत रमला नव्हता. त्यांना लाकूड कळायचं. ओल्या फळीवर हात फिरवून ते सांगत, हे झाड उतारावर वाढलंय की सपाटीला.

जिल्हा नवा झाला तसा लातूरला बांधकामांचा धडाकाच सुरू झाला. कचेऱ्या, क्वार्टर्स, कॉलन्या, लॉज, शिकवण्यांच्या इमारती. प्रत्येक स्लॅबखाली फळ्या लागत आणि त्या फळ्या आंब्याच्या असत. चाकूरच्या चारी अंगांना, ओढ्याकाठी, बांधावर जुने आंबे होते. पाच-सहा वर्षांत ते नाहीसे झाले. दादांची एक रीत होती. झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी ते मालकाला झाडाचं नाव विचारत. तेव्हा आंब्यांना नावं असत: शेपूच्या वासाचा तो शेप्या, लांबुळका तो केळ्या, खोबऱ्यासारखा लागायचा तो खोबऱ्या. मालक नाव सांगायचा, दादा मान डोलवायचे, आणि मग दोर बांधायला सांगायचे. मी एकदा विचारलं, तोडायचंच आहे तर नाव कशाला? म्हणाले, "उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं की." कुणीच विचारलं नाही… पण त्यांना सगळी नावं शेवटपर्यंत पाठ होती.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि रस्त्याकडेची झाडं पाडायचं काम त्यांना मिळालं. आमच्या फाट्यावर एक जुनी चिंच होती. तिच्याखाली एक म्हातारी फुटाणे-शेंगा विकायला बसायची. चिंच पडली. चार दिवसांनी दादा तिथून चालले होते, तर म्हातारी त्याच जागी बसलेली. शेजारी विजेचा खांब होता. त्या खांबाची सावली हातभर रुंद. ऊन सरकेल तशी म्हातारी टोपली ओढत त्या सावलीबरोबर सरकत होती. "सर, सकाळी जाताना बगितलं तवा खांबाच्या ह्या अंगाला. दुपारी बगितलं तं त्या अंगाला," दादा मला सांगत होते. "मला बगून हसली. म्हनली, पाटील, बसा की सावलीला…" हे सांगताना त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी मशीन बंद केली. घरात मोठं वादळ झालं. प्रकाश नुकता कुठे धंद्यात उतरला होता. तो माझ्यादेखत म्हणाला, "दादा, तुम्ही न्हाई तोडलं तं दुसरा कुणी तोडल. फरक काय?" दादा म्हणाले, "तोडू दे. मंग त्याचं तो सांगल." प्रकाशने लोखंडी दारं-खिडक्यांचं दुकान टाकलं आणि वर्षभर बापाशी तुटकच वागला. त्याची आई, सुमनवहिनी, दोघांना एका पंगतीला बसवायच्या आणि दोघेही त्यांच्याशीच बोलायचे.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या शाळेने परिसंवाद ठेवला होता: दुष्काळ निसर्गाचा की माणसाचा? अध्यक्ष मी. एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, हवामान कायमच बदलत आलंय, बहात्तरला कुठे एवढ्या गाड्या आणि कारखाने होते? त्यावर शेतकी कॉलेजच्या प्राध्यापकांनी जगभराच्या धुराचं सांगितलं, वाढत्या उष्म्याचं सांगितलं, हे माणसामुळे होतंय असं ठासून म्हणाले. एवढ्यात मागच्या रांगेतून दादा उठले. बोलायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. "माणसामुळं, माणसामुळं म्हनून राहिले सगळे. कोणत्या माणसामुळं, सर? एकानं तरी नाव घ्यावं. मी घेतो. म्या तोडली झाडं. ओढ्याचे आंबे म्या तोडले, फाट्याची चिंच म्या तोडली." कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, बसा दादा, बसा. माझ्या मित्राची फजिती होतेय असं मला वाटलं आणि मी माईक घेतला. एका आरा मशीनने पाऊस थांबत नसतो, मी समजावून सांगितलं. ढग समुद्रावरून येतात, कोळसा आणि तेल सगळं जग जाळतंय, दादांनी हे मनाला लावून घेऊ नये. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. दादांनी हात जोडले आणि ते निघून गेले.

मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं. पण झाड गेलं की त्याखालची जमीन तापते, ओल उडते, पहिल्या सरीला माती वाहून जाते… हे मी दरवर्षी आठवीला शिकवायचो, आणि त्या दिवशी नेमकं तेवढंच गाळलं.

तीन महिने दादा माझ्याकडे आले नाहीत. मग एका दुपारी आले, माठातलं पाणी स्वतःच घेतलं, आणि बसता बसता म्हणाले, "सर, त्या दिशी तुम्ही कुणाला सोडवलं? मला का त्या टाळ्या वाजवणाऱ्यांला?" तेच पुढे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मला नीट शिकवा. माझं किती, दुसऱ्याचं किती. जास्तीचं मला नको, अन् कमीबी नको."

तेव्हापासून त्यांची शिकवणी सुरू झाली. सत्तरीचा विद्यार्थी रोज दुपारी यायचा. पृथ्वीचा गोल, आठवीचं पुस्तक, वर्तमानपत्रातली कात्रणं. माझ्या आयुष्यात इतका चिवट विद्यार्थी दुसरा नाही. कोळसा कसा तयार होतो ते सांगितल्यावर त्यांनी पुस्तक जवळ ओढून चित्र बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी लाकूडच की. लई जुनं. म्हंजी सगळं जग माझाच धंदा करून राहिलंय…" हे पुढे कितीतरी ठिकाणी मी त्यांच्या नावाने सांगितलं आहे.

मग आम्ही दोघे शाळाशाळांतून जाऊ लागलो. आधी दादा उभे राहत, आपण काय केलं ते सांगत. आंब्यांची नावं एकेक करून घेत. मग मी उभा राहून विज्ञान सांगे. माझ्या भागात मुलं जांभया देत, दादांच्या भागात कुणी हलत नसे. अर्धापूरला केळीवाले शेतकरी बसले होते. त्यांतला एक चिडून म्हणाला, "मंग आता आमच्या केळीमुळं का?" दादा म्हणाले, "ते मला ठावं न्हाई, भाऊ. मी माझं सांगितलं. तुमचं तुमाला ठावं." तो माणूस सभा संपल्यावर आमच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आला आणि आपल्या विहिरीचं सांगत राहिला. दुसऱ्या एका गावी एक आजोबा उठले. बहात्तरच्या दुष्काळाला कोण जबाबदार, त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "बहात्तरला मीबी खडी फोडली, आजोबा. त्या साली दाना नव्हता, पण आडाला पानी होतं. आता दाना हाय अन् आडाला पानी न्हाई. पाऊस दोन्ही साली न्हाई पडला. मंग पानी गेलं कुठं?" आजोबा म्हणाले, "हाव, हे खरं हाय," आणि खाली बसले.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सुमनवहिनी माझ्या काळ्या चष्म्याकडे बघून म्हणाल्या, "सर, डोळ्याला जपा, रडू नका," आणि स्वतः रडू लागल्या. सरणासाठी लाकूड आणायला कुणी निघत होतं. प्रकाशने त्याला थांबवलं. बंद शेडचं कुलूप काढलं आणि आतल्या भिंतीला वर्षानुवर्षं टेकून ठेवलेल्या आंब्याच्या जुन्या फळ्या तो एकटाच बाहेर आणू लागला. कुणी हात लावायला गेलं की म्हणे, राहू द्या. मी शेजारी उभा होतो. एक फळी खाली ठेवताना त्याने मला विचारलं, "सर, ही कोणत्या आंब्याची असंल? तुम्हाला सांगितलं होतं का दादानं?" मला नुसतं लाकूड बघून कळत नव्हतं. ते फक्त दादांना कळायचं.

नायगावच्या एका शाळेचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. पंधरवड्यापूर्वी मी एकटा गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी मंचावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांना कळलेलं नव्हतं. "दुसरे सर मागून येतायत का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या एक खुर्ची उचलायला निघाल्या, मी म्हटलं, असू द्या. मग मी उभा राहिलो, आणि लक्षात आलं की पहिला भाग माझा नव्हताच कधी. मी दादांचं सांगू शकत होतो, पण ते त्यांचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी माझं सांगितलं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात मी अंगणात बोअर घेतला. माझी आई गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. आपल्या दारात आपलं पाणी असावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते मी पुरं केलं. खूप खोल जाऊन पुरं केलं. खडकातलं पाणी एका अंगणापुरतं नसतं हे तीस वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलेला मी… माझ्या बोअरला पाणी लागलं त्या आठवड्यात मागच्या गल्लीतला हातपंप आटला. मी कुणाला काही बोललो नाही. बोलता बोलता मला उमगलं की दादा रोज दुपारी त्याच गल्लीतून माझ्याकडे यायचे. कोरड्या हातपंपावरून, टँकरसाठी लावलेल्या रिकाम्या घागरींच्या रांगेवरून यायचे आणि माझ्या माठातलं पाणी प्यायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी कधीतरी आपणहून सांगेन म्हणून इतकी वर्षं थांबले असावेत…

घरी आल्यावर प्लंबर बोलावला. मागच्या भिंतीतून नळ काढून गल्लीच्या बाजूला तोटी बसवली. पहिल्या सकाळी मी तिथेच उभा होतो. समोरच्या घरातल्या गोदाबाई घागर घेऊन आल्या, तोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घागर गळ्यापर्यंत भरली. मग कमरेवर घेत म्हणाल्या, "लई दिस लावले, सर."

"हाव," मी म्हणालो.